प्रश्न पडद्यावर, यादी कागदावर

विहीणबाई, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना मी पाकिटावर छापून विचारलं होतं, "मानाचे आहेत का? (हो/नाही)". करंजाला गेलेल्या एकूण एक पाकिटावर. आजवर कुणी विषय काढला की मी "प्रिंटरचा घोळ झाला" असं म्हणत आले. प्रिंटर बिचारा निर्दोष होता. तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही ती थाप शेवटपर्यंत सांभाळलीत. आता तुम्ही नाही, आणि ती थाप एकटीने सांभाळायचा मला कंटाळा आलाय.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. शाळेत गणित शिकवता शिकवता स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, हातात वेळ आणि डोक्यात हवा. नवीन पनवेलला आमच्या सेक्टरमध्ये त्या काळात कोपऱ्याकोपऱ्यावर कम्प्युटर क्लास निघाले होते. मीही एकात नाव घातलं. वर्गात सगळी बारावीची पोरं, आणि त्यांच्यात मी, पर्समध्ये चष्म्याचे दोन जोड घेऊन बसलेली. सी भाषेचं सर्टिफिकेट मिळालं ते मी फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलं. पाहुण्यांना आधी देव दाखवायची की सर्टिफिकेट, ते विचारू नका.

तेवढ्यात माझ्या अश्विनीने घरात सांगितलं की तिला तुमच्या नितीनशी लग्न करायचंय. करंजाचे कोळी, घरच्या बोटी, आणि आई बंदराच्या ऑफिसात कम्प्युटर सांभाळते. आमच्याकडे काही दिवस कुजबुज चालली. माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, माशांचा वास चालेल का तुम्हाला?" मी म्हटलं, "तुमच्या विडीचा चालवतेय की इतकी वर्षं." मग कुजबुज संपली.

साखरपुडा आमच्याकडे होता. तुमच्याकडच्या माणसांनाही पत्रिका आम्हीच पाठवायच्या असं ठरलं आणि तुम्ही नावांची यादी नितीनच्या हाती पाठवलीत. मी घरात जाहीर केलं की पाकिटांवर पत्ते कुणी हाताने लिहायचे नाहीत, मी प्रोग्रॅम लिहिणार आहे. आमचे हे म्हणाले, "हाताने लिहिले तर दुपारपर्यंत होतील." मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

प्रोग्रॅम साधाच होता. एकेक नाव घ्यायचा आणि मला विचारायचा, मानाचे आहेत का? मी हो म्हटलं की नावाखाली 'सहकुटुंब सहपरिवार' अशी ओळ घालायचा, आणि आहेराच्या टॉवेल-टोपीत एकाची भर टाकायचा. नाही म्हटलं की नुसतं नाव. स्क्रीनवर छान चालत होतं. मग ती सगळी लेबलं एका फाईलमध्ये गोळा करावीत म्हणून मी प्रोग्रॅमचं आउटपुट फाईलकडे वळवलं. त्याबरोबर स्क्रीनवरचे प्रश्न गायब झाले. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. कुठलीही शहाणी बाई इथे थांबली असती. मला प्रश्नांचा क्रम पाठ होता, म्हणून मी काही न दिसताच ह, न, ह, ह असं दाबत सुटले. वर ह्यांना हाक मारून दाखवलं, "बघा, मला आता प्रश्नसुद्धा लागत नाही."

प्रश्न लेबलांच्या मागोमाग फाईलमध्ये जाऊन बसले होते. माझी उत्तरं तेवढी कुठेच नव्हती. छापून आलं ते असं: "मानाचे आहेत का? (हो/नाही): श्री. अमुक, मुक्काम करंजा." त्या मशीनला देवनागरी येत नव्हती, त्यामुळे हे सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पण कुणालाही वाचता येईल असं. मशीनचं काम तपासायचं नसतं, असं म्हणून मी लेबलं ह्यांच्याकडे दिली. ह्यांनी क्रिकेट बघत बघत ती डकवली. हात गोंदात, डोळे टीव्हीत. आणि मी शालू घ्यायला दादरला.

त्यानंतर तुम्ही आलात. उरणहून एसटीने, भर दुपारी, हातात एकच पाकीट. मी पाणी पुढे केलं, ते तुम्ही घेतलं नाहीत. टेबलावर पाकीट ठेवलंत आणि म्हणालात, "मास्तरीणबाई, हे काय हाय?"

मी वाचलं. 

"अहो, ते कम्प्युटरने..."

"कम्प्युटर मना शिकवू नका. त्याच्याच जीवावर पोरं वाढवली मी. तो आपल्या मनानं कुनाचा अपमान करत नाय. आमचे भाऊ म्हनतात, पनवेलकरांना आमी मानाचे हाव का नाय ते पाकिटावर इचारायचा असंल, तर आमी या साखरपुड्याला येनार नाय. आनि भाऊ नाय आले तर आमच्या वाडीतला कोन बी येनार नाय."

भाऊ म्हणजे तुमचे थोरले दीर, घरातले तांडेल, बोटीवर त्यांचाच शब्द. अश्विनी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की माझ्या हुशारीपायी पोरीचं लग्न मोडायची वेळ आलीय.

"दाखवा प्रोग्रॅम," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला खुर्ची दिली. तुम्ही पदर खोचलात आणि स्क्रीनकडे बघत बसलात. आईशप्पथ सांगते, परीक्षा द्यायला एवढी घाबरले नव्हते मी. मग तुम्ही हसायला लागलात. तुमचं ते हसणं! शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं.

"अवो, तुमी प्रश्न कागदाला इचारलाव!"

आणि मग पाण्याचा तो ग्लास तुम्ही एका दमात प्यायलात.

त्या दुपारी तुम्ही मला जे शिकवलंत ते त्या क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या ऑफिसातल्या जुन्या, खोलीभर मोठ्या मशीनची गोष्ट सांगितलीत. त्या मशीनला काही विचारायचं असलं की प्रश्न तुमच्या टेबलावरच्या टाइपरायटरवर उमटायचा. हिशेब मात्र पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरवर जायचा, साहेबांसाठी. साहेबांच्या कागदावर कधी "दुसरी टेप लावू का?" असं आलं नाही. प्रोग्रॅमला बाहेर बोलायला दोन वाटा असतात, तुम्ही म्हणालात. एक मालाची. ती फाईलकडे वळवा, प्रिंटरकडे वळवा, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडात द्या. दुसरी वाट बोलण्याची, तक्रारीची, ती बसल्या माणसासमोर स्क्रीनवरच राहते. प्रश्न त्या दुसऱ्या वाटेने सोडायचा.

मला नीट कळेना, तेव्हा तुम्ही लिलावावर आलात. "करंजाच्या धक्क्यावर बाय उभी राहते तवा भाव कसा सांगते? सगळ्यांना आयकू जाईल असा. आनि मागं बसलेल्या सुनेला टोपलीत बरफ किती हाय ते कसा इचारते? हलूच. दोनी एकाच आवाजात बोलली, तर गिऱ्हाईक बरफाचा भाव करंल."

तुम्ही एकच शब्द बदललात. पुन्हा चालवलं. प्रश्न स्क्रीनवर, लेबलं फाईलमध्ये, कुणाचा कुणाला धक्का नाही. मी बघत राहिले. आणि त्या सर्टिफिकेटला, विहीणबाई, मी दुसऱ्या दिवशी फ्रेमसकट माळ्यावर टाकलं.

भाऊंना तुम्ही काय सांगितलंत ते मला नंतर नितीनकडून कळलं. "प्रिंटर बिघडला होता त्यांचा." थाप मूळची तुमची, मी फक्त वापरत राहिले. भाऊ साखरपुड्याला आले, अख्खी वाडी घेऊन आले. पंगतीत मी वाढायला गेले तर गंभीर चेहऱ्याने विचारतात कसे, "मंग बाय, काय ठरला? हाव का नाय आमी मानाचे?" मी त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. ते म्हणाले, "हां, आता कळला."

आपण दोघी विहिणी, आणि तुम्ही वरमाय. मान तुमचा, लवायचं मी. रीतीने तुम्ही माझ्याकडून काय काय वसूल करू शकला असतात! तुम्ही मागितलंत काय, तर नवीन मॉडेमची वायर. लोक विचारायचे, विहिणींचं इतकं कसं जमतं? काय सांगणार? पुऱ्या लाटता लाटता आपण कशावरून भांडायचो ते सांगितलं असतं तर दोघींना वेड्यात काढलं असतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि करंजाच्या मच्छीमार सोसायटीसाठी प्रोग्रॅम लिहायचं मनावर घेतलंत. समुद्रात गेलेल्या बोटींची यादी. बोटीचं नाव, तांडेल कोण, खलाशी कोण कोण. संध्याकाळी सोसायटीतल्या मशीनवर तुम्ही किंवा तिथला माणूस बसायचा, प्रोग्रॅम एकेका बोटीबद्दल विचारायचा, "परत आली का?" जी आली नसेल तिचं नाव यादीत जायचं, आणि यादी छापून खिडकीला लागायची. मी पनवेलहून एसटीने यायची, सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या वलांड्यांखालून वाकून तुमच्या घरात शिरायची, आणि दिवसभर आपण दोघी त्या एका मशीनवर. तुम्ही मला म्हणायचात, "मास्तरीणबाई, तुमचं गणित चांगलं, हात वाईट."

खरंच वाईट. एकदा मी त्यात नवा प्रश्न घातला, खलाशी बदलले का असा, आणि जुन्या सवयीने तो मालाच्या वाटेने सोडला. चाचणीची यादी छापली तर परत यायच्या बोटींच्या नावांआधी माझे प्रश्न. मी हसले. म्हटलं, "पुन्हा पाकिटं!" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्यावर खरोखर रागावलात ते त्या एकाच वेळी.

"ही यादी कोन वाचतं ठाव हाय तुमाला? ज्याचा माणूस पान्यात हाय, ती बाय वाचते. तिच्या नवऱ्याच्या नावाच्या आधी तुमी छापनार, खलाशी बदलला का? तिला इचारताव तुमी? तीच तर तुमाला इचाराया आलीय!"

मी चाचणीचा कागद फाडून टाकला. मान देणं म्हणजे काय, हे टॉवेल-टोपी मोजून मला कळलं नव्हतं. त्या दिवशी थोडंसं कळलं.

आणि मग ती दिवाळीच्या सुमाराची दुपार. आभाळ अवचित फिरलं, वारा सुटला, रेडिओवर इशारा आला, आणि निम्म्याहून जास्त बोटी बाहेर. मी फराळ द्यायला म्हणून आले होते आणि तिथेच अडकले. सोसायटीच्या खिडकीबाहेर बायांची ही गर्दी. तुम्ही तिथल्या मशीनवर बसलात. धक्क्यावरून कुणीतरी ओरडून बोटीचं नाव सांगायचं, तुम्ही पुन्हा प्रोग्रॅम चालवायचात. प्रश्न तुमच्यासमोर, तुमच्याच डोळ्यांपुरते. बाहेर जायची ती फक्त यादी. मी कागद फाडून खिडकीला लावत होते, आणि नितीन भोंग्यावर नावं वाचत होता. दर खेपेला यादी आखूड होत गेली. तुमचा चुलतभाऊ एका बोटीवर होता हे मला त्याचं नाव भोंग्यावर ऐकून कळलं. तुम्ही मान वर केली नाहीत.

मग प्रिंटरमधून एक कोरा कागद आला. मला वाटलं शाई संपली. मी डबा उघडायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "शाई हाय. नाव नाय कुनाचा. लावा तो खिडकीला."

मी कोरा कागद खिडकीला लावला. बाहेर क्षणभर कुणालाच काही समजेना, आणि मग जो आरडाओरडा झाला तो मी कुठल्या लग्नात ऐकला नाही. त्या कागदावर माझा एक जरी प्रश्न उमटला असता, तरी तो कोरा राहिला नसता. कुंदाबाई, मी आयुष्यात खूप पोरांना शंभरपैकी शंभर दिलेत. त्या दिवशी मला तुम्हाला द्यावेसे वाटले. दिले नाहीत. "चकल्या मऊ पडल्या सगळ्या," एवढंच म्हणाले मी. का म्हणाले? आपलं तसंच होतं.

आपलं भांडण मात्र राहिलं ते राहिलंच. तुमचं म्हणणं, प्रश्न तक्रारीच्या वाटेने सोडला की झालं. माझं म्हणणं, अहो, ती वाटही कुणी वळवू शकतं. कुणाला स्क्रीनवर तक्रारींची गिचमिड नको असेल, तो त्या फाईलमध्ये वळवणार, आणि प्रश्न त्यांच्याबरोबर आत जाणार. त्यापेक्षा प्रश्न थेट टर्मिनललाच द्यावा, माणूस बसलाय तिथे. कुठलीही वाट कुठेही वळवा, प्रश्न माणसासमोरच यायला हवा. तुम्ही म्हणायचात, "आनि माणूस बसलाच नसंल तर? प्रोग्रॅम आपोआप चालवला तर? कुनाला इचारनार तुमचा प्रश्न, खुर्चीला?" मी म्हणायची, "मग आधी बघायचं, कोणी बसलंय का. नसेल तर विचारायचंच नाही." तुम्ही म्हणायचात, "बघा, आता तुमी माझंच बोलताव." मी म्हणायची, "हे तुमचं कुठून आलं?" एवढ्यात अश्विनी म्हणायची, "आई, तेल तापलंय." आपण दोघी एकदम वळायचो, कारण ती आपल्या दोघींनाही आईच म्हणायची.

या उन्हाळ्यात मी जिंकले. एका संध्याकाळी तुमच्या जागी बसलेल्या सोसायटीतल्या माणसाने खरंच तक्रारी फाईलमध्ये वळवल्या, स्क्रीन स्वच्छ दिसावा म्हणून. प्रश्न आत गेले. तो बिचारा काळ्या पडद्यासमोर चहा पीत बसला, मशीन काम करतंय समजून. आणि मशीन त्याच्या उत्तराची वाट बघत बसलं. नितीनकडून हे कळल्याबरोबर मी तुम्हाला फोन लावला. विजयाचा फोन. सगळं सांगितलं, अगदी मीठमसाला लावून. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "इचार करून सांगते." आणि फोन ठेवलात.

पाऊस सुरू व्हायच्या आत तुम्ही गेलात. हृदय, म्हणाले डॉक्टर. हे काय वागणं झालं? वाद हरायची वेळ आली की उठून जायचं? माझं उत्तर राहिलंय, विहीणबाई. तुम्ही हो म्हणणार होतात की आणखी काही खुसपट काढणार होतात, हे मला आता कोण सांगणार? खुसपटच काढलं असतं. आणि ते बरोबर असतं. मला याचीच सगळ्यात जास्त चुटपुट लागलीय.

तुमच्या दिवसांना मी आले होते तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी नितीनला सांगत होते की आता कुंदाताई नाहीत, मशीनवर बसायला विश्वासाचं कोणी नाही, नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या की पूर्वीसारखं तोंडी चालवू, प्रोग्रॅम बंद. मी ताटावरून उठले. म्हटलं, "मी बसेन." सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुमाला बोटी वळखू येतील का?" मी म्हटलं, "नाही येणार. पण विचारायचं कुणाला, ते मला येतं." ते गोंधळले. तुम्ही असतात तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसला असतात.

मशीनवर बसायच्या आधी एक काम केलं. तुमचा प्रोग्रॅम उघडला आणि प्रश्न थेट टर्मिनलकडे वळवले. रागवा हवं तर. तुमची अटही घातलीय. आधी बघतो, समोर कोणी आहे का. नसेल तर विचारत नाही, यादीला हात लावत नाही, थांबतो. दोघींचंही राहिलं.

नारळ पाण्यात सोडून बोटी निघाल्या त्या दिवशी मी तुमच्या खुर्चीवर बसले. उशी तुमचीच, मधोमध खोलगट झालेली. संध्याकाळी प्रश्न स्क्रीनवर येत गेले, सोसायटीचा माणूस सांगत गेला, मी दाबत गेले. यादी निघाली. एकही प्रश्न तिच्यात नाही, मी दोनदा वाचून बघितली, आता मी मशीनचं काम तपासते. कागद खिडकीला लावला. बाहेर बाया जमल्या होत्या, पण कुणी कागद वाचेना. सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या. नितीन म्हणाला, "वादळात भोंगा होता, एरवी रोज आई वाचून दाखवायची." हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी दिवसाउजेडी यायची आणि संध्याकाळ व्हायच्या आत एसटीने परत जायची, तुमची ती रोजची वेळ मी कधी पाहिलीच नव्हती.

मी कागद पुन्हा काढला आणि वाचायला लागले. बोटीचं नाव, तांडेल, खलाशी. शाळेत हजेरी घेण्यात आयुष्य गेलं माझं, पण इथे मी कागदात डोकं घालून वाचत होते. मध्येच एका तांडेलाचं आडनाव चुकलं, कुणीतरी दुरुस्त केलं. पुढे गेले. खिडकीच्या गजांना धरून एक म्हातारी उभी होती, कानाला हात लावून. माझी यादी संपली तरी ती हलली नाही. मला वाटलं, ही आता म्हणणार की परत जा पनवेलला. ती म्हणाली:

"कुंदा गेली तवा आमाला वाटला, ही खिडकी आता बंद व्हनार. तू पनवेलची हायस म्हनून काय झाला? बस तितंच. आनि परत वाच पयल्यापासून, मोठ्यानं, मागं बाया उभ्या हायत त्यांना आयकू गेला नाय."